दीड फूट लांब

आधुनिक कलेच्या त्या संग्रहालयात त्यानं एकतीस वर्षं नोकरी केली, पण त्याला खऱ्या नावानं हाक मारणारे तिथे दोघंतिघंच असतील. बाकी सगळ्यांसाठी तो दीडफूट. अंगानं चांगला सहा फूट, पण एखादा प्रेक्षक चित्राकडे जरा जास्त वाकला, की हा कुठूनसा प्रकट व्हायचा आणि म्हणायचा, "दीड फूट लांब." नियमच तसा होता. वस्तू आणि माणूस यांच्यात दीड फुटाचं अंतर हवं. नियम सगळ्याच रखवालदारांना पाठ होता. तो पाळायची हौस मात्र याला एकट्यालाच. बाकीचे जेवणानंतर खुर्चीत बसून पेपरातलं कोडं सोडवायचे. हा उभा. हात पाठीमागे बांधलेले, नजर लोकांच्या बोटांवर. पाय दुखतात ही तक्रार त्यानं कधी वरिष्ठांकडे केली नाही. ती घरी यायची, बायकोच्या वाट्याला.

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती आणि बायको जाऊन चौदा महिने, तेव्हा संग्रहालयाचं पत्र आलं. बाहेरच्या बागेतल्या शिल्पांना एक दिवस सगळ्यांना हात लावून बघता येईल, जुन्या कर्मचाऱ्यांनी अगत्य यावं, असं त्यात होतं. लेकीनं ते वाचून दाखवलं आणि ती वाट बघत बसली. तिला वाटलं, आता बाबा भडकणार. नव्या साहेबांना काही कळत नाही, घामानं धातू खराब होतो, उद्या म्हणतील चित्रंही चाटून बघा, असं सगळं ऐकायची तिनं तयारी ठेवली होती.

तो म्हणाला, "किती वाजता आहे?"

"दहाला. बाबा, तुम्ही जाणार?"

"जाऊ या. तू पण चल."

लेक औषधांच्या दुकानात कामाला होती. तिनं त्या दिवसाची सुट्टी टाकली. बाप कुठे जायचं म्हणाला, हीच तिच्यासाठी चौदा महिन्यांतली पहिली गोष्ट होती. तो का निघाला हे तिनं विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. त्याला बागेतल्या एका शिल्पाला हात लावायचा होता. स्वतःसाठी नाही. जिला लावू दिला नव्हता, तिच्या वतीनं.

बागेत मधोमध एक भलंमोठं ब्राँझचं शिल्प होतं. पाटीवर लिहिलं होतं, 'रचना सात. आकार आणि अवकाश यांचा संवाद.' तो संवाद अजून कुणाच्या कानावर आला नव्हता. काळपट, गोलसर, एकीकडे उंच आणि दुसरीकडे उतरतं, मधे एक खोलगट भाग. पाण्यात बसलेल्या म्हशीसारखं दिसायचं, म्हणून शिपायापासून हिशेबनिसापर्यंत सगळे त्याला म्हैसच म्हणायचे. "आज म्हशीजवळ कोण आहे?" असं पाळी लावताना विचारलं जायचं. दीडफूट तेवढा 'रचना सात' म्हणायचा. कुणी हसलं तर कपाळाला आठ्या घालायचा.

बायकोच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, नजर कडेकडेनं कमी होत जाईल, मग मधलीही जाईल. तिनं फार आदळआपट केली नाही. एकेक गोष्ट हातानं ओळखायला शिकत गेली. डाळींचे डबे झाकणावरून, लेकीचे कपडे शिवणीवरून, शेजारीण कोणती आली ते तिच्या बांगड्यांवरून. अशीच एका सुट्टीच्या दिवशी नवऱ्याचा विसरलेला डबा घेऊन ती संग्रहालयात आली. त्याची पाळी बागेत होती. गर्दी बऱ्यापैकी होती. तिनं डबा दिला आणि म्हैस आहे त्या बाजूला तोंड करून म्हणाली, "अहो, एकदा हात लावू द्या ना. तुम्ही रोज सांगता हिच्याबद्दल. मला आता नुसता काळा ढिगारा दिसतो."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. पंधरावीस माणसं होती. त्यांतल्या एकाला त्यानं नुकतंच मागे सारलं होतं आणि तो माणूस अजून धुसफुसत उभा होता. आता आपल्याच बायकोला कसं सोडायचं? ती एक पाऊल पुढे सरकली, हात उचलला, आणि हा नेहमीच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"बाई, दीड फूट लांब."

बाई. चोवीस वर्षांच्या संसारानंतर. तिचा हात हवेतच थांबला. मग तो तिनं खाली घेतला, अंदाजानं एक पाऊल मागे गेली आणि म्हणाली, "बरं साहेब." आणि भिंत धरत धरत फाटकाकडे निघून गेली. तो धुसफुसणारा माणूस मात्र खूश झाला. नियम म्हणजे सगळ्यांना सारखा, असं काहीतरी तो म्हणाला, आणि त्या क्षणी दीडफुटाला बरंही वाटलं होतं. आता हे आठवलं की त्याला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटे.

घरी तिनं विषय काढला नाही. रागावलीही नाही. फक्त त्यानंतर तो चहाचा कप द्यायला आला की कधीमधी म्हणायची, "ठेवा तिथे दीड फुटावर." लेक खो खो हसायची. तिला वाटायचं, आई बाबांच्या नोकरीची थट्टा करते. तोही हसायचा. विषय हसण्यावारी गेला असं धरून त्यानं इतकी वर्षं काढली. माफी मागायची राहिली. मागायची म्हटलं तर कितीतरी संध्याकाळी होत्या.

तर असा तो त्या दिवशी लेकीबरोबर बागेत आला. इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली, हात सवयीनं पाठीमागे. बागेत जत्रा भरल्यासारखी माणसं होती आणि सगळे शिल्पांना हात लावत होते. दगडाच्या उभ्या खांबाला एक बाई गाल टेकून उभी होती. लोखंडी चक्रावर दोन पोरी लोंबकळत होत्या. म्हशीवर तर पाचसहा तळवे एकाच वेळी फिरत होते. एका गृहस्थानं अंगठीच्या हातानं म्हशीवर टकटक केलं आणि दीडफुटाच्या तोंडून निघूनच गेलं, "दीड फूट लांब."

गृहस्थ दचकून मागे झाला. गणवेशातली नवी रखवालदार मुलगी लगबगीनं आली. "काका, आज चालतं," ती हसून म्हणाली. "आज आम्हालाच सांगितलंय, लोकांना म्हणा, लाजू नका, हात लावा."

"हो हो," तो म्हणाला. "सवय."

"बाबा, जरा बसू या का?" लेकीनं विचारलं.

"गर्दी कमी होऊ दे. मग."

म्हशीच्या मागच्या अंगाला बाकावर म्हातारा माळी बसला होता. दीडफुटापेक्षा चारपाच वर्षांनी लहान, पण बाग काही त्याला सोडवत नव्हती. निवृत्तीनंतरही अर्धा दिवस यायचा. त्यानं सरकून जागा केली. "या साहेब. वहिनींचं कळलं मला. यायचं होतं, पण तेव्हा मीच दवाखान्यात होतो."

लेक पाणी आणायला गेली. दोघं म्हातारे म्हशीकडे बघत बसले. शिल्पाभोवती पूर्वी कमरेएवढ्या उंचीची दाट काटेरी झुडपं होती, ती आता नव्हती. माती नुकतीच सारखी केलेली दिसत होती.

"कुंपण काढलंत," दीडफूट म्हणाला.

"आजच्यासाठी काढायला सांगितलं. मी मुळासकट काढलं. परत लावा म्हणाले तर दुसरा माळी बघा म्हणणार आहे."

ते कुंपण दीडफुटाच्याच सांगण्यावरून लागलं होतं. डब्याच्या त्या प्रसंगानंतर दोनेक वर्षांनी त्याच्या लक्षात आलं, की म्हशीच्या मधल्या खोलगट भागात एक जागा उजळत चालली आहे. ब्राँझला पुन्हा पुन्हा हात लागला की वरचा काळा थर झिजतो आणि खालचं पिवळं दिसायला लागतं. तळहाताएवढा डाग. म्हणजे कुणीतरी नेमानं तिथेच हात ठेवत होतं, आणि तेही त्याच्या बागेत. त्याची झोप उडाली. डोळ्यांत तेल घालून त्यानं पहारा केला. पट्टी लावून डाग मोजला आणि नोंदवहीत लिहिलं, 'हात लहान. बहुधा शाळकरी मूल.' शाळांच्या सहलींवर त्यानं इतका जाच केला की दोन मुख्याध्यापिकांनी तक्रारी पाठवल्या. चोर सापडला नाही. शेवटी त्यानं वरपर्यंत अर्ज केला. तज्ज्ञ आले, त्यांनी डागावर रसायन लावून तो काळा केला, वरून मेण घासलं, आणि भोवती काटेरी झुडपं लागली. डाग पुन्हा उमटला नाही. दीडफुटाला प्रशस्तिपत्र मिळालं. ते घरी बाहेरच्या खोलीत, चौकटीत लावलेलं होतं.

"माळीबुवा," तो म्हणाला, "एक गोष्ट मनाला फार लागून राहिलीय. आज त्यासाठीच आलो. आमच्या हिला एकदा या म्हशीला हात लावायचा होता."

म्हैस हा शब्द त्याच्या तोंडून माळ्यानं पहिल्यांदाच ऐकला.

"मी लावू दिला नाही. चारचौघांत तिला बाई म्हणालो. तिला दिसत नव्हतं हो. एकदा लावला असता हात, तर काय झिजलं असतं? तशीच गेली ती. हात न लावता."

माळी त्याच्याकडे बघतच राहिला.

"न लावता कशा?" तो म्हणाला. "म्हणजे वहिनींनी तुम्हाला कधीच सांगितलं नाही?"

"काय?"

माळ्यानं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बोललो ते चुकलो की काय, असा त्याचा चेहरा झाला होता. पण आता मागे फिरता येत नव्हतं.

"मंगळवारी तुमची पाळी तळघरातल्या दालनात असायची. आणि वहिनींचा काठी घेऊन चालायचा वर्ग असायचा ना, इथून दोन स्टॉपवर? वर्ग सुटला की त्या मागच्या फाटकानं यायच्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा मला म्हणाल्या, माळीदादा, मी कोण ते तुम्हाला माहीत आहे, आणि मी आले हे तुम्हाला माहीत नाही. मी म्हटलं, बरं. दहा मिनिटं थांबायच्या. हात ठेवायच्या आणि जायच्या."

"कुठे?"

"म्हशीवरच. दुसरीकडे कुठे नाही."

"म्हशीवर कुठे?"

माळ्यानं बोट केलं. मधला खोलगट भाग.

बागेतला गलका चालूच होता. तोवर पंचवीसेक वर्षं ज्या हातचं खाल्लं, ताप आला की जो हात कपाळावर यायचा, त्या हाताचं माप त्यानं पट्टीनं घेतलं होतं आणि खाली शाळकरी मूल असं लिहिलं होतं. ओळखता आला नव्हता.

"मला का नाही सांगितलंत?" त्यानं विचारलं.

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणायच्या, त्यांना कळलं तर ते माझंही नाव वहीत लिहितील, आणि मग स्वतःच जेवणार नाहीत चार दिवस." माळी थांबला. "लिहिलं असतंत का हो?"

"लिहिलं असतं," दीडफूट म्हणाला.

"मग बरं झालं नाही सांगितलं."

"आणि झुडपं लावल्यावर?"

माळ्यानं टोपीची कड चाचपली. "तुमचा अर्ज मंजूर झाला, झुडपं आली, मला म्हणाले, लाव. मी लावली. मंगळवारी त्यांना फाटकावरच गाठून सांगायचं ठरवलं होतं. पण नेमकं मोठ्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. परत आलो तर वहिनी उभ्या होत्या. हाताला काटे लागलेले. मी म्हटलं, वहिनी, मला माफ करा, मीच लावली ही. त्या म्हणाल्या, तुम्ही कशाला, लावणारे मला माहीत आहेत. हसल्या. पुन्हा आल्या नाहीत."

तो मंगळवार दीडफुटाला लख्ख आठवला. घरी आला तर तिच्या बोटांवर ओरखडे. काय झालं विचारलं, तर म्हणाली, शेजारणीचे गुलाब छाटत होते. दिसत नाही तर कशाला नसते उद्योग करतेस, म्हणून त्यानं दरडावलं होतं, आणि मग तिचा हात हातात घेऊन एकेका ओरखड्याला मलम लावलं होतं. पुढच्याच महिन्यात प्रशस्तिपत्र आलं. काय लिहिलंय, तिनं विचारलं. त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं, 'अज्ञात व्यक्तीच्या हातापासून शिल्पाचं रक्षण केल्याबद्दल.' छान झालं, ती म्हणाली. ती चौकट मग ती रोज पुसायची. काचेवर बोटं फिरवून, कोपरे चाचपून, जाईपर्यंत रोज.

त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवले नाहीत. एकदा नाही म्हटलं होतं एवढंच ओझं घेऊन तो आला होता. तिनं आपली वाट आपण काढली होती, आणि ती वाटही त्यानंच बंद केली, काटे लावून, वर चौकटीत मिरवून.

"त्या काय म्हणायच्या माहीत आहे?" माळी म्हणाला. त्याला म्हाताऱ्याचं मन हलकं करायचं होतं, बिचाऱ्याला. "मी एकदा विचारलं, वहिनी, तुम्हाला हाताला ही म्हैसच लागते का? तर म्हणाल्या, छे, म्हैस कुठली. हे कुणीतरी कुशीवर झोपलंय तिकडे तोंड करून. आणि ही पाठ. आमच्या ह्यांची पाठ अगदी अशीच आहे, मधे असाच खळगा. फरक इतकाच, म्हणाल्या, ही सरकत नाही."

माळी हसला. दीडफूट हसला नाही.

कारण तो सरकायचा. दिवसभर उभं राहून आलेला माणूस, अंथरुणाला पाठ टेकली की भिंतीकडे तोंड करायचा. तिचा हात पाठीवर आला की म्हणायचा, झोपू दे गं. पुढे पुढे म्हणायचाही नाही, नुसता इंचभर पुढे व्हायचा. डोळे गेल्यावर तिला सगळंच हातानं बघावं लागत होतं, आणि नवरा तेवढा हाताला लागत नव्हता. तिनं मागून काही घेतलं नाही कधी. मंगळवारची दहा मिनिटं घेतली.

लेक पाण्याची बाटली घेऊन आली. बापाचा चेहरा बघून तिनं माळ्याकडे पाहिलं. माळी टोपी घालून उठला. "माझं बोलणं फार झालं," एवढं पुटपुटून तो झारी उचलून निघून गेला.

"बाबा, काय झालं? घरी जाऊ या?"

"थांब. यायचं काम राहिलंय."

तो उठून म्हशीपाशी गेला. जेवणाची वेळ झाली होती, गर्दी पांगली होती. पाठीमागचा हात सोडवायला त्याला वेळ लागला. मग त्यानं तो पुढे केला आणि खोलगट भागावर ठेवला. धातू उन्हानं कोमट झाला होता. डाग कुठेच दिसत नव्हता. काम चोख झालं होतं, मेणाखाली सगळं एकसारखं काळं. नेमकी जागा त्याला मोजमापानं आठवत होती, डाव्या कडेपासून चौदा इंच. तिथे त्यानं तळवा टेकवला. त्याला काहीच ओळखू येईना. माणसाला स्वतःची पाठ माहीत नसते, आणि तिथवर आपला हातही पोचत नाही.

"इकडे ये," त्यानं लेकीला बोलावलं. "तुझा हात ठेव इथे. आता दुसरा माझ्या पाठीवर ठेव आणि सांग, सारखं आहे का."

"म्हणजे?"

"तुझी आई म्हणायची सारखं आहे म्हणून. मला बघायचंय."

लेकीला नीट काही उमगलं नाही, पण आईचं नाव निघाल्यावर तिनं जास्त विचारलं नाही. एक तळवा तिनं ब्राँझवर ठेवला. तिचा हात आईवर गेला होता, लहान. दुसरा तिनं बापाच्या सदऱ्यावरून, दोन्ही खांद्यांच्या मधे टेकवला.

आणि तो सरकला. त्याच्या मनात नव्हतं. पाठच आपणहून इंचभर पुढे झाली, तीस वर्षं व्हायची तशी. लेकीचा हात मागे हवेत राहिला. त्यानं मान वळवून त्या थांबलेल्या हाताकडे पाहिलं. एकदा असा हात त्यानं याच जागी पाहिला होता.

"लागलं का बाबा कुठे?" लेकीनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. त्यानं दोन्ही हातांनी म्हशीची कड घट्ट धरली आणि पाय रोवून उभा राहिला.

"पुन्हा ठेव," तो म्हणाला.